आधी आई दाखवा, मग पैसे मागा
(वऱ्हाडात पिल्लं विकणाऱ्या व्यापाऱ्यास खुलं पत्र)

महाशय,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची आपली रीत आहे. ती मी जाणूनबुजून मोडतो आहे. तुमच्या धंद्यात प्रेम करावं असं काही मला दिसलेलं नाही आणि नमस्कार करावा असं तर अजिबातच नाही. तुमचं नावही लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. तुम्ही अमरावतीत आहात, अकोल्यात आहात, परतवाड्यात, अकोटात, मूर्तिजापुरात आहात. तुमचं दुकान कुठल्या चौकात सापडत नाही, ते मोबाइलच्या स्टेटसवर थाटलेलं असतं. सकाळी फोटो, दुपारी भाव, संध्याकाळी 'लास्ट पीस, लवकर बुक करा'.

तुमच्या जाहिराती आता मला पाठ झाल्या आहेत. 'ओरिजिनल जर्मन शेफर्ड, डबल कोट, हेवी बोन.' 'पंच फेस लॅब.' 'मिलिटरीवाला मॅलिनॉइस, वावर राखायला एक नंबर.' केस किती दाट आहेत ते तुम्ही सांगता, हाड किती जाड आहे तेही सांगता. त्या पिल्लाच्या आईनं आणि बापानं आयुष्यात काय काम करून दाखवलं, हे मात्र आजवर तुमच्या एकाही जाहिरातीत वाचायला मिळालेलं नाही. माझं सगळं भांडण त्या न लिहिलेल्या ओळीशी आहे.

वऱ्हाडाला कुत्रा नुसता हौसेपुरता कधीच लागला नाही. तूर फुलावर आली की रोह्यांचे कळप उतरतात. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं एका रात्रीत एकरभर वावराचं वाटोळं करतात. खारपाण पट्ट्यापासून वरुड-मोर्शीच्या संत्राबागांपर्यंत हीच गत आहे. शेतकरी दिवसभर राबतो आणि रात्री जागलीला जातो. त्या काळोखात त्याच्याआधी चाहूल घेणारं, भुंकून कळप फिरवणारं, पण बांधावरून जाणाऱ्या शेजाऱ्याच्या पोराला न चावणारं कुत्रं त्याला हवं असतं. मेंढपाळाला कळप राखणारं कुत्रं लागतं. पोलिसांच्या श्वान पथकाला माग काढणारं लागतं. आणि वर सातपुड्यात, 1973 साली देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले त्यांतल्या मेळघाटात, शिकाऱ्यांचा माग काढणारं कुत्रं लागतं. वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासासाठी कुत्री तयार करण्याचा कार्यक्रम ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी 2008 पासून देशात उभा केला. त्यातली कुत्री ठरावीक माणसांबरोबर कित्येक महिने शिकतात, तेव्हा कुठे त्यांना वाघाच्या हाडांचा आणि बिबट्याच्या कातड्याचा वास ओळखता येतो.

ही कुत्री लोकांनी पाहिलेली असतात, त्यांच्याबद्दल पेपरात वाचलेलं असतं. मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्राडॉरनं 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर 3,300 किलोंहून अधिक स्फोटकं शोधून दिली, ही गोष्ट घराघरांत माहीत आहे. त्या कुत्र्यांनी कमावलेली इभ्रत तुम्ही तुमच्या खोक्यातल्या पिल्लावर चिकटवता आणि दहा-बारा हजारांना विकता. ही फसवणूक आहे आणि ती तुम्ही समजून-उमजून करता.

कामाचा कुत्रा कसा घडला, हे तुम्ही ज्याचं नाव सर्रास विकता त्या जर्मन शेफर्डवरूनच सांगतो. 1899 साली जर्मनीत माक्स फॉन स्टेफानित्स या लष्करी अधिकाऱ्यानं मेंढ्या राखणारा एक कुत्रा विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच वर्षी या जातीची संस्था काढली. त्याचा आग्रह एकच होता, कुत्रा कामाचा हवा, रूप त्यामागून. पुढे मेंढ्यांची कामं कमी झाली तेव्हा त्यानं हाच कुत्रा पोलिसांकडे आणि लष्कराकडे नेला आणि तिथेही तो उभा राहिला. हा कुत्रा कळप राखतो, माग काढतो, पहारा देतो आणि घरात लेकरांबरोबरही राहतो. हे अष्टपैलूपण केसांतून येत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी काम करून दाखवलं, त्यांचीच पैदास झाली म्हणून ते आलं.

त्याच देशातल्या ड्राटहार या शिकारी कुत्र्याचा नियम तर तुम्ही भिंतीवर लिहून ठेवावा. त्याच्या आईनं आणि बापानं दोघांनीही शेतात, रानात, पाण्यात कामाच्या परीक्षा दिलेल्या असाव्या लागतात, पंचांनी त्यांचं अंग आणि स्वभाव तपासलेला असावा लागतो, आणि कंबरेच्या सांध्याचा एक्स-रे निर्दोष असावा लागतो. यातलं एक जरी राहिलं तरी पिल्लांना त्या संस्थेचे कागद मिळत नाहीत. पैदास करणारा कितीही बडा असला तरी त्याला सूट नाही.

तुमच्याकडे काय होतं? कुत्री हीटवर आली की ओळखीतला एखादा नर गाठायचा, मेटिंगचे पैसे किंवा एक पिल्लू त्याच्या मालकाला द्यायचं, त्रेसष्ट दिवस मोजायचे आणि स्टेटस टाकायचं. नराची कंबर कशी आहे, हे कोणी पाहिलेलं नसतं. तो भित्रा आहे का, फटाक्याच्या आवाजानं खाटेखाली शिरतो का, माणसावर विनाकारण धावून जातो का, हे कोणी विचारलेलं नसतं. कधी कधी तो त्या कुत्रीचा भाऊच असतो, आणि तेही तुम्हाला माहीत असतं.

कंबरेच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉरमध्ये वारशानं उतरतो. सांध्याची वाटी उथळ राहते, हाड तिच्यात नीट बसत नाही आणि ते घासत जातं. पिल्लू दोन महिन्यांचं असताना तुमच्या फोटोत ते दिसणार नाही. ते दिसतं कुत्रं भरात आल्यावर, जेव्हा त्यानं बांधावरून उडी मारायची असते आणि त्याला उठून उभंही राहवत नाही. म्हणून आईबाप किमान वर्षाचे, आणि अमेरिकेतल्या पद्धतीनं दोन वर्षांचे झाल्यावर त्यांचे एक्स-रे काढून मगच त्यांची जोडी लावायची असते. पशुवैद्यकांना घडवणारी स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था तुमच्या अकोल्यातच आहे. सल्ला विचारायला तुम्हाला जर्मनीला जावं लागत नाही. तुम्ही विचारत नाही, कारण निदान झालं तर ती कुत्री पैदाशीतून काढावी लागेल आणि तुमची वर्षाची कमाई बुडेल.

'केसीआय पेपर आहे ना,' असं तुम्ही म्हणाल. असला तर चांगलंच आहे. पण केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो. कंबर, डोळे, हृदय आणि स्वभाव तो सांगत नाही. आणि तुमच्यापैकी बहुतेक जण 'पेपरसहित' आणि 'विदाऊट पेपर' असे दोन भाव लावतात, तेव्हा त्या कागदाबद्दल तुम्हाला किती आदर आहे तेही कळतं.

आता त्या आईबद्दल बोलतो, जी तुम्ही कधीच दाखवत नाही.

23 मे 2017 रोजी केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम लागू केले. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय पैदाशीचा धंदा करता येत नाही. अठरा महिन्यांच्या आतल्या कुत्रीची पैदास करता येत नाही. वर्षातून एकदाच वीण, आणि आयुष्यात पाचांहून जास्त नाहीत. जवळच्या रक्तातली जोडी लावायची नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकताना त्याला मायक्रोचिप लावलेली हवी, लस आणि जंताचं औषध दिलेलं हवं, आणि नोंदी ठेवलेल्या हव्यात. यातलं काय तुम्ही पाळता? तुमच्या नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो कधी स्टेटसवर पाहिला नाही. तुमची कुत्री पहिल्याच हीटला लावली जाते, दर हीटला लावली जाते, आणि पिल्लं देईनाशी झाली की बडनेऱ्याच्या पुढे कुठेतरी महामार्गावर सोडली जाते. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर असताना, सुटलेल्या सडांनी पडून राहिलेली ती कुत्री गिऱ्हाइकानं पाहिली तर तो पैसे देणार नाही. म्हणून तुम्ही पिल्लू 'घरपोच' देता, नाहीतर रस्त्यात मध्येच कुठेतरी भेटायला बोलावता.

दर्यापूरकडच्या माझ्या नात्यातल्या एका शेतकऱ्याला तुमच्यासारख्याच एकानं असं रस्त्यात बोलावलं होतं. जागलीसाठी त्याला कुत्रं हवं होतं. फळांच्या खोक्यातून पिल्लू निघालं. 'पंचेचाळीस दिवसांचं आहे, लस झाली आहे.' लसीचं कार्ड मागितलं तर 'मागून पाठवतो' हे उत्तर. त्यानं वऱ्हाडी माणसाला सुचावा तसा साधा प्रश्न केला, "भाऊ, याची माय कुठी आहे?" तर म्हणे नागपूरला. पाचव्या दिवशी पिल्लानं खाणं सोडलं, मग रक्ताचे जुलाब सुरू झाले. अकोल्याला नेलं, सलाईन लावलं, पण पिल्लू वाचलं नाही. पार्व्हो. फोन केला तर विकणारा म्हणाला, तुमचं पाणी बाधलं असेल, अर्ध्या भावात दुसरं देतो.

त्या दुसऱ्या पिल्लाची गोष्ट मला जास्त संतापजनक वाटते. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. ज्या अंगणात एक पिल्लू त्यानं गेलं, तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं आणणं म्हणजे तेही मारणं. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे तुम्ही पिल्लू दिलं त्या दिवशी आजार त्याच्या पोटात बहुधा होताच. लसही एका टोचणीत होत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पण पिल्लू जितकं लहान तितकं ते गोंडस दिसतं, आणि जितकं लवकर जातं तितका तुमचा दुधाचा नि खुराकाचा खर्च वाचतो.

पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेलं पिल्लू जगलं, तरी ते कामाचं होत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचा स्वभाव घडतो, हे अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून दाखवलं. त्यांचं पुस्तक 1965 साली निघालं. दात किती जोरात लावायचा हे पिल्लू भावंडांशी खेळताना आणि आईच्या धाकात शिकतं. माणसं, गुरं, ट्रॅक्टरचा आवाज, थ्रेशरचा आवाज यांची भीती याच दिवसांत जाते. ते दिवस त्यानं तुमच्या खोक्यात काढले, तर पुढे ते भीतीपोटी चावतं. मग लोक जातीला दोष देतात, 'शेफर्ड डेंजर असतो' म्हणतात. डेंजर तुमचा धंदा असतो.

वऱ्हाडातला शेतकरी कपाशीच्या बियाण्याची थैली घेतो तेव्हा लॉट नंबर पाहतो, पक्कं बिल घेतो, टॅग जपून ठेवतो. बी उगवलं नाही तर कृषी विभागाकडे तक्रार करतो, पंचनामा मागतो. बोगस बियाण्यानं हात पोळले म्हणून तो हे शिकला. तोच शेतकरी बियाण्याच्या दहापट रकमेचं पिल्लू बिल नसताना, टॅग नसताना, वाण कुठला ते न विचारता घेतो, आणि या भाबडेपणावर तुमचं पोट चालतं. तो शिकेल. हे पत्र मी त्यासाठीच लिहितो आहे.

अकोल्याच्या उन्हात तुम्ही सायबेरियन हस्की विकता, याबद्दल मी फार लिहीत नाही. कुत्र्याला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, त्याला धापाच टाकाव्या लागतात. दुहेरी लोकरीचा बर्फातला प्राणी एसी नसलेल्या घरात देणारा माणूस त्या प्राण्याचं काय होणार हे जाणूनच देतो.

अलीकडे तुम्ही देशी जातींकडेही वळला आहात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेला मुधोळ हाउंड, आपल्याकडचा कारवान. 2005 साली टपाल खात्यानं मुधोळवर तिकीट काढलं, 2016 साली लष्करानं मीरतच्या केंद्रात त्याला प्रशिक्षणासाठी घेतलं, आणि 2020 साली पंतप्रधानांनी देशी कुत्र्यांचा उल्लेख केला. लगेच तुम्ही कुठल्याही लांब तोंडाच्या, बारीक पोटाच्या पिल्लाला 'प्युअर मुधोळ' म्हणायला लागलात. बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला या जातीचं संशोधन आणि संवर्धन केंद्र आहे. दुष्काळी माळरानावर माणसांनी शतकानुशतकं पारखून टिकवलेली ही जात आहे. परदेशी जातींचं जे केलंत ते तिचंही करू नका.

आणि 'डुक्कर पकडणारा' अशी जाहिरात करून शेतकऱ्याला गुन्ह्यात ढकलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हीसुद्धा शिकारच आहे. जागलीच्या कुत्र्यानं चाहूल द्यायची, भुंकायचं, वावराबाहेर पाय टाकायचा नाही. हा संयम रक्तात आणि शिकवणीत असावा लागतो. खोक्यातून तो मिळत नाही.

शेवटचा आरोप सगळ्यात गंभीर आहे. तुमचं न विकलं गेलेलं, लंगडं निघालेलं, चावरं झालेलं कुत्रं शेवटी कुठे जातं? गावाच्या वेशीबाहेर, आणि परतवाड्याच्या वर असेल तर जंगलाच्या कडेला. 1994 साली सेरेंगेटीत डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगानं सुमारे एक हजार सिंह मेले, आणि त्या विषाणूचं मूळ भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांमध्ये असल्याचं शास्त्रज्ञांनी मानलं. 2018 साली गीरमध्ये सिंह दगावले, त्यांच्यातही हाच विषाणू सापडला. आपल्या सोलापूर भागात नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या कुत्र्यांची तपासणी झाली, 2014 साली ती प्रसिद्ध झाली. दहापैकी नऊहून अधिक कुत्र्यांना पार्व्होचा, आणि जवळपास तेवढ्याच कुत्र्यांना डिस्टेंपरचा विषाणू भेटून गेल्याच्या खुणा त्यांच्या रक्तात होत्या. लस न टोचलेली तुमची पिल्लं मेळघाटच्या काठाशी पोचतात, तेव्हा एका शेतकऱ्याच्या बारा हजारांपेक्षा फार मोठं काहीतरी तुम्ही धोक्यात घातलेलं असतं.

तुम्हाला शिक्षेची भीती नाही, हे मला माहीत आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. प्राण्याला वाऱ्यावर सोडून देण्यालाही तेवढाच. अमरावती आणि अकोला या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या पशुसंवर्धन खात्याला आणि महापालिकांना माझी विनंती आहे की त्यांनी निदान नोंदणीचा नियम तरी बजावावा. स्टेटस पाहून फोन करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

जबाबदारीनं पैदास करणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत, पण आहेत. ती आधी गिऱ्हाइकालाच प्रश्न विचारतात. घरी कोण असतं, कुत्रं कुठे राहणार, काम काय देणार, याआधी कुत्रं पाळलंय का? ती आई दाखवतात, बापाचा एक्स-रे दाखवतात, वर्षभर थांबायला लावतात, आणि नाही जमलं तर कुत्रं परत घेतात. तुम्ही ही कामं करायला तयार असाल तर धंदा करा, मी पहिला तुमच्या बाजूनं लिहीन. नसाल तर शेड रिकामं करा.

आता वाचकांनो, तुमच्यासाठी. पिल्लाच्या मागे धावण्याआधी कुत्रं कशासाठी हवं ते ठरवा. जागलीसाठी हवं असेल तर तुमच्याच गावात अशी गावठी कुत्री असेल जिचं काम सगळ्या शिवारानं पाहिलं आहे. तिचं दोन महिन्यांचं पिल्लू आणा, त्याच्या सगळ्या लसी करा, वेळ द्या. ते उन्हात टिकेल आणि कामही करेल. परदेशी जातीचंच हवं असेल तर विकणाऱ्याच्या घरी जा. आईला हात लावून पाहा, ती माणसाला भिते का, अंगावर येते का, दमलेली दिसते का. नोंदणी प्रमाणपत्र, लसीचं कार्ड, आईबापांच्या कंबरेचे एक्स-रे आणि पक्कं बिल मागा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका. दया येऊन खोक्यातलं पिल्लू 'वाचवायला' पैसे देऊ नका, त्या पैशांवर पुढची वीण उभी राहते. आणि रस्त्यात भेटायला बोलावणाऱ्याला एकच विचारा, याची माय कुठी आहे? उत्तर देता आलं नाही, तर पाकीट खिशातच राहू द्या. वऱ्हाडातल्या प्रत्येक गिऱ्हाइकानं एवढं केलं, तर हा धंदा बंद पडायला कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.